शालेय विषयांची निवड आणि भूगोल-पर्यावरणशास्त्राची पदवी : कर्जत-खालापूरच्या भूमीवरून एक विवेचन

दहावीच्या परीक्षेनंतर कोणती शाखा घ्यावयाची, हा प्रश्न महाराष्ट्रात बहुधा गुणपत्रिकेकडे पाहून सोडविला जातो. गुण भरपूर असल्यास विज्ञान, बेताचे असल्यास वाणिज्य आणि त्याहूनही कमी असल्यास कला, अशी एक उतरंड पालकांच्या व पुष्कळदा शिक्षकांच्याही मनात रुजलेली आहे. भूगोलाची जागा ह्या उतरंडीत तळाशी येते. तो कला शाखेचा विषय समजला जातो, आणि ज्याने गणिताचा धसका घेतला आहे त्याने निवडावा अशी त्याची ख्याती होऊन बसली आहे. पर्यावरणशास्त्र मात्र विज्ञान शाखेत मोडते. परिणामी, एकाच भूमीचा, एकाच पावसाचा आणि एकाच नदीचा अभ्यास करणाऱ्या दोन विद्यांचे विद्यार्थी वयाच्या सोळाव्या वर्षी एकमेकांपासून विभक्त होतात. आणि पुढे पदव्युत्तर वर्गात पुन्हा भेटतात तेव्हा एकाला समीकरण वाचता येत नाही व दुसऱ्याला नकाशा.

ह्या ताटातुटीची किंमत काय पडते, हे एखादा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवल्यावाचून स्पष्ट होत नाही. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके त्या दृष्टीने उपयुक्त ठरतात. पूर्वेस सह्याद्रीचा उभा कडा, पश्चिमेस माथेरान, प्रबळ व इर्शाळ ह्यांच्या डोंगररांगा, आणि मधल्या सखल पट्ट्यात दोन नद्या : उल्हास उत्तरेकडे वळून वसईच्या खाडीस मिळते, तर पाताळगंगा पश्चिमेकडे जाऊन धरमतरच्या खाडीस. लोहमार्ग, द्रुतगती मार्ग, जलविद्युत केंद्रे, रासायनिक व पोलादी कारखाने, भातखाचरे, आदिवासी वाड्या आणि मुंबईकरांची शेतघरे ही सर्व ह्याच पट्ट्यात दाटलेली आहेत. पाठ्यपुस्तकातील बहुतेक प्रकरणे येथील विद्यार्थ्यास शाळेत जाता-येता दिसतात. ती समजून घेण्यासाठी त्याने कोणते विषय शिकलेले असावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात चौकजवळ, इर्शाळगडाच्या पायथ्याच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडी ह्या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. चार दिवसांच्या शोधकार्यात २७ मृतदेह हाती लागले. २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत आणि ढिगारा माणसांनी हातांनी उपसला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने त्या वेळी विधानसभेत सांगितले. यादीत नसणे हा कोणा एकाचा दोष म्हणून दाखविण्यात येथे स्वारस्य नाही. अशी यादी तयार करणाऱ्यास काय काय ठाऊक असावे लागते, हा विद्यापीठीय विभागांच्या विचाराचा विषय होय.

प्रथम उताराचा विचार करू. सुट्या मातीचा व दगडगोट्यांचा कोरडा उतार त्या द्रव्याच्या घर्षणकोनाइतक्या कोनापर्यंत उभा राहू शकतो. हा कोन उदाहरणादाखल ३४ अंश धरावा. अतिवृष्टीने मातीचा थर तळापासून पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरला आणि ते पाणी उताराला समांतर झिरपू लागले, म्हणजे कणाकणांमधील पोकळ्यांतले पाणी कणांना उचलून धरते. कण एकमेकांवर जो भार टाकत होते तो जवळजवळ निम्म्यावर येतो, घर्षण त्याच प्रमाणात घटते. खाली ओढणारे वजन मात्र घटत नाही, उलट वाढते. त्यामुळे सुरक्षित कोनाचे जे गुणोत्तर दहावीच्या त्रिकोणमितीत ‘टॅन’ म्हणून शिकविले जाते, तेही सुमारे निम्मे होते. ३४ अंशांचे टॅन ०.६७; त्याचे निम्मे ०.३४, आणि ह्या गुणोत्तराचा कोन भरतो सुमारे १९ अंश. उन्हाळ्यात ३० अंशांचा जो उतार निर्धास्त दिसतो, तोच भर पावसात धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ वर असतो. झाडांची मुळे आणि मातीतील चिकणाई त्याला काही काळ धरून ठेवतात, आणि म्हणूनच दरड वर्षानुवर्षे कोसळत नाही व एका रात्री कोसळते. हे विवेचन ज्याला समजले नाही त्याला ‘दरडप्रवण’ हा शब्द लिहिता येईल, परंतु त्याचा निर्णय करता येणार नाही. आणि हे समजण्यास दहावीचे गणित व अकरावीचे भौतिकशास्त्र ह्यांपलीकडे काही लागत नाही, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे.

पावसाच्या आकड्यांचेही असेच आहे. त्या दुर्घटनेपूर्वीच्या तीन दिवसांत परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने सांगितले होते. अशा आकड्यांसमोर ‘शंभर वर्षांतून एकदा पडणारा पाऊस’ हा शब्दप्रयोग वारंवार केला जातो, आणि ऐकणारा समजतो की एकदा तो पडून गेला म्हणजे शंभर वर्षे चिंता मिटली. वस्तुतः त्याचा अर्थ, कोणत्याही एका वर्षी तसा पाऊस होण्याची संभाव्यता शंभरात एक, एवढाच आहे. ज्या उतारावर एखादे कुटुंब ३० वर्षे राहणार आहे, तेथे त्या मुदतीत असा पाऊस एकदा तरी होण्याची संभाव्यता ०.९९ चा तिसावा घात १ मधून वजा केल्यास मिळते : सुमारे २६ टक्के. म्हणजे चारांत एक. अर्थात हा हिशेब पर्जन्यमान कालानुसार बदलत नाही असे गृहीत धरून केलेला आहे, आणि हवामानबदलाच्या काळात ते गृहीतकच तपासावे लागते. पण तपासण्यासाठीसुद्धा आधी संख्याशास्त्राची तोंडओळख हवी.

नकाशाचे प्रमाण हा भूगोलाच्या विद्यार्थ्याचा हातखंडा विषय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडप्रवणतेचे जे नकाशे केले आहेत, ते १ : ५०,००० ह्या प्रमाणावर आहेत. ह्या प्रमाणावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. दोनशे मीटर लांबीची वाडी त्यावर ४ मिलिमीटरांत संपते. असा नकाशा कोणत्या डोंगराकडे अधिक लक्ष द्यावे हे सांगू शकतो, कोणते घर हलवावे हे सांगू शकत नाही. हा भेद भौतिकशास्त्रात पारंगत असलेल्यालाही आपोआप कळत नाही. तो नकाशे हाताळून अंगवळणी पडतो, आणि बारावीच्या भूगोलात प्रात्यक्षिकाला जी जागा दिलेली आहे ती ह्याचसाठी. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने भूगोल का घ्यावा, ह्याचे उत्तर ह्या चार मिलिमीटरांत आहे.

आता पाण्याकडे वळू. खोपोली येथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथील केंद्र १९२२ साली. लोणावळ्याच्या परिसरातील तलाव व आंध्रा नदीवरील ठोकरवाडीचा तलाव भीमेच्या खोऱ्यातील पाणी अडवितात, आणि पूर्वेकडे बंगालच्या उपसागरास जावयाचे ते पाणी नळांतून घाटाखाली सोडले जाते. खोपोलीस ही उंची ५०० मीटरांहून अधिक आहे. एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली आले म्हणजे सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. घरगुती हिशेबाने, यंत्रातील तूट सोडून, सुमारे १.३६ युनिट वीज. वस्तुमान, गुरुत्वत्वरण व उंची ह्यांचा हा गुणाकार नववीच्या पुस्तकात आहे. परंतु गुणाकार करणाऱ्याने पुढे एक प्रश्न विचारावयास हवा : वीज करून झाल्यावर पाणी जाते कोठे? भिवपुरीचे पाणी पेज नदीत उतरते व पेज उल्हासेस मिळते. खोपोलीचे पाताळगंगेत जाते. कोकणातील नद्यांचा स्वभाव पावसाळ्यात दुथडी वाहून वैशाखात कोंडींपुरते उरण्याचा. ह्या दोन नद्या मात्र उन्हाळ्यातही वाहतात, आणि त्यांच्या काठी जी नगरे व कारखाने उभे राहिले ते ह्या पाण्याच्या भरवशावर. ज्या नकाशात नदीची रेषा केवळ नैसर्गिक उगमापासून काढलेली असते, त्या नकाशावरून हे उमगत नाही. येथे भौतिकशास्त्र, प्राकृतिक भूगोल आणि मुंबईच्या औद्योगिक वाढीचा इतिहास ही तिन्ही एकाच नळातून वाहतात असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. घाटमाथ्यावर दुष्काळ पडला असता हे पाणी पूर्वेकडेच राहू द्यावे अशी मागणी होते, तेव्हा त्यात अर्थशास्त्र व राज्यशास्त्रही येऊन मिळतात.

रसायनशास्त्राविषयी भूगोलाच्या विद्यार्थ्यांत जी उदासीनता आढळते ती सर्वांत अनाकलनीय म्हटली पाहिजे. दख्खनच्या लाव्हाथरांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या लेखनात ‘नेरळ’ हे नाव नित्य येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ह्या थरांचे पश्चिम घाटात जे समूह पाडण्यात आले आहेत त्यांपैकी जव्हार व इगतपुरी ह्यांच्या वरचा, म्हणजे खालून तिसरा, समूह नेरळच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या वर पुढे खंडाळ्याच्या नावाचाही एक आहे. कर्जत लोकलमधून दररोज नेरळ स्थानक ओलांडणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल? आणि हे समूह वेगळे ओळखले कसे गेले? डोळ्यांना तर काळा दगड वर आणि काळाच दगड खाली. त्यांतील मूलद्रव्यांचे, विशेषतः अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या मूलद्रव्यांचे, प्रमाण व समस्थानिकांचे गुणोत्तर मोजून हे वर्गीकरण सिद्ध झाले. म्हणजे स्वतःच्या गावाच्या नावाचा खडक ओळखावयाचा तर त्याला रसायनशास्त्राची पायरी चढावीच लागते.

पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे १९६० नंतर रासायनिक उद्योग उभे राहिले. त्या गावाचे नावच उद्योगावरून पडले. नदीच्या पाण्याचा कस पाहताना विरघळलेल्या प्राणवायूचे मान प्रथम घेतले जाते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. तेवढेच सांडपाणी जानेवारीपेक्षा मे महिन्यात माशांना अधिक जाचक ठरते, ते ह्यामुळे. त्यातच वरून येणारा प्रवाह वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर अवलंबून असला, तर पाण्याचा नमुना कोणत्या वेळी घेतला ह्यावर निष्कर्ष बदलू शकतो. नमुना घेण्याची वेळ नोंदविण्याचा आळस करणारे प्रबंध विरळा नाहीत.

जीवशास्त्राचे महत्त्व पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यास पटवून द्यावे लागत नाही. माथेरान व भोवतालचा परिसर फेब्रुवारी २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला, भीमाशंकर अभयारण्याची सीमा घाट उतरून ह्या बाजूस येते, आणि कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने निर्माण केलेली भाताची वाणे कोकणभर लावली जातात, एवढा उल्लेख पुरे. गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावे की परिस्थितिविज्ञानाचा आधुनिक भाग बहुतांशी संख्याशास्त्रच आहे.

ह्या सर्व विवेचनात भाषेचा विषय मागे पडता कामा नये. डोंगरउतारावरील जमिनीस येथे ‘वरकस’ म्हणतात व तीवर नाचणी, वरी घेतली जाते. वनखात्याच्या हद्दीतील शेतीच्या जमिनींना ‘दळी’ हे नाव आहे. भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर पालापाचोळा व फांद्या जाळतात, तो ‘राब’. हे शब्द पदवीच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतात, परंतु सातबाराच्या उताऱ्यावर आणि वाडीतील बोलण्यात ते जिवंत आहेत. डोंगराला भेग कोठे पडली, झऱ्याचे पाणी कोणत्या वर्षी गढूळ येऊ लागले, हे प्रथम तेथे राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना दिसते. ते त्यांच्या बोलीत ऐकून अचूक टिपणे ही भूगोलाच्या संशोधकाची योग्यताच समजली पाहिजे, आणि ती मराठीच्या तासाला लक्ष दिल्याने येते. इतिहासाचेही एक लहानसे उदाहरण देता येईल. एकोणिसाव्या शतकात कर्जतचा समावेश ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे माथेरानचे व ह्या भागाचे जुने वर्णन शोधणाऱ्याने कुलाब्याचे १८८३ चे गॅझेटियर कितीही चाळले तरी ते त्याला ठाण्याच्या खंडांतच सापडेल. पुढे कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. नावांचे व सीमांचे हे फेर माहीत नसतील, तर शंभर वर्षांच्या पर्जन्यनोंदी जुळविताना दोन जिल्ह्यांचे आकडे एकमेकांत मिसळण्याचा संभव असतो.

असा सर्वांगीण पाया घालण्यास परीक्षामंडळाचे नियम आड येतात काय? समजूत तशी आहे. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक परीक्षेत गणित व संख्याशास्त्राचे जे पुस्तक आहे, त्याच्या मुखपृष्ठावरच ‘कला व विज्ञान’ असे छापलेले असते. म्हणजे कला शाखेतील विद्यार्थ्यास भूगोलासमवेत तेच गणित घेता येते. विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यासही भूगोल हा ऐच्छिक विषय म्हणून खुला आहे. भूशास्त्र हाही मंडळाचा मान्यताप्राप्त विषय आहे, जरी तो शिकविणारी कनिष्ठ महाविद्यालये थोडी असली तरी. अडचण नियमात नसून वेळापत्रकात आहे. तालुक्याच्या गावी कला शाखेसाठी गणिताचा स्वतंत्र तास ठेवावा एवढे विद्यार्थी जमत नाहीत, आणि विज्ञान शाखेत भूगोलाची जागा वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांना उपयोगी पडणाऱ्या विषयांनी घेतलेली असते. मग ज्याला परवडते तो लोकलने बदलापूर-कल्याणकडे जातो. ज्याला परवडत नाही तो जे गावात मिळते ते घेतो. आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला तर निवड म्हणून काही उरतच नाही. इर्शाळसारख्या डोंगराविषयी सर्वांत अधिक जाणणारा विद्यार्थी हाच असावा, आणि भूस्खलनाच्या अभ्यासापासून सर्वांत दूर ठेवला जाणाराही हाच, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

बारावीपर्यंत सर्वांना सक्तीचा असलेला पर्यावरणाचा विषय ही उणीव भरून काढील अशी काहींची अपेक्षा असते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांतून पर्यावरणशिक्षण सर्व पातळ्यांवर आले, आणि नागरिकाच्या जाणिवेसाठी ते योग्यच आहे. परंतु सर्वांसाठी असलेला विषय कोणाचाच पाया होऊ शकत नाही. त्या विषयात उत्तम गुण मिळाले म्हणून पर्यावरणशास्त्राच्या पदवीची तयारी झाली, असे समजणारा विद्यार्थी पहिल्याच सत्रात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अडखळतो.

पदवीच्या दारातही नावांचा घोळ आहेच. मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात, ज्यात हे दोन्ही तालुके येतात, भूगोल मुख्यतः कला शाखेच्या पदवीसाठी शिकविला जातो. घाट चढून पुण्यास गेल्यास तोच विषय विज्ञानाच्या पदवीसाठीही घेता येतो. पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गास बहुतेक विद्यापीठांत विज्ञानाची पदवी लागते. त्यामुळे अकरावीत घेतलेला निर्णय पाच वर्षांनंतर एखादे दार बंद करतो, आणि विद्यार्थ्यास ते त्या वेळी कोणी सांगितलेले नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाबरोबर अन्य विद्याशाखेतील गौण विषय घेण्याची सोय झाली आहे. कागदावर ती स्वागतार्ह आहे. परंतु ज्याने गणित दहावीनंतर पाहिलेलेच नाही, त्याला संख्याशास्त्र हा गौण विषय म्हणून केवळ देऊ करणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास पुराचा दिवस दाखविणे होय.

म्हणून विद्यार्थ्याने निवड करताना शाखेचे नाव बाजूस ठेवून, आपल्याला भूमीला कोणता प्रश्न विचारावयाचा आहे हे प्रथम ठरवावे. उतार, पाऊस, नदी ह्यांच्या अभ्यासाकडे ओढा असेल तर गणित व भौतिकशास्त्र सोडू नये आणि शक्य तर त्यांच्या जोडीला भूगोल घ्यावा. पाण्याच्या व मातीच्या गुणधर्मांकडे कल असेल तर रसायनशास्त्र अपरिहार्य आहे. वस्ती, जमीन व उपजीविका हे ज्याचे विषय असतील त्याने कला शाखा खुशाल घ्यावी. मात्र भूगोलाबरोबर अर्थशास्त्र व जमल्यास गणित घ्यावे, आणि ‘कला म्हणजे गणितातून सुटका’ हा सौदा करू नये. ह्यातील एकच विषय राखता येत असेल तर कोणता, असे कोणी विचारल्यास उत्तर गणित हेच द्यावे लागेल. भूगोल उशिरा सुरू करून आत्मसात करणारे पुष्कळ आढळतात. गणित उशिरा सुरू करणारे फार थोडे.

तथापि जे विद्यार्थी गणिताविना आधीच पदवीच्या वर्गात येऊन बसले आहेत त्यांना परत पाठविता येत नाही, आणि येथे जबाबदारी विभागांकडे येते. पहिल्या सत्रात सहा-आठ आठवड्यांचा पूरक वर्ग चालवून त्रिकोणमिती, घातांक, आलेख व संभाव्यता एवढे शिकविता येईल. त्यासाठी गणिताचे पुस्तक उघडण्याची घाई करू नये. वर्ग नेरळ स्थानकावर न्यावा. तेथील उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर, माथेरान स्थानकाची सुमारे ८०० मीटर. १९०७ साली सुरू झालेला अरुंद लोहमार्ग ही उंची सुमारे २० किलोमीटरांत चढतो, आणि दोन स्थानकांतील हवाई अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. मार्गाचा सरासरी चढ किती, सरळ रेषेत नेला असता तर किती झाला असता, आणि वळणे नेमकी ह्याच ठिकाणी का घ्यावी लागली, हे तीन प्रश्न नकाशा व फूटपट्टी देऊन विचारावेत. पहिल्याचे उत्तर भागाकाराने निघते, दुसऱ्यास टॅन लागते, आणि तिसऱ्यासाठी उतरून डोंगर पाहावा लागतो.